ताशी ७५ किलोमीटरची लाट: समतल तरंगाच्या गणिताचं एक प्रकरण

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरचा एक सरळ, उभा, दगडी बांध. तोंड बरोबर पश्चिमेला. पायाशी टेट्रापॉड (लाट फोडायला टाकतात ते चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे) नाहीत, त्यामुळे भरतीचं पाणी थेट भिंतीला भिडतं. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षातला एक गट तिथे लाटांचा वेग मोजतो. बांधाला लगटून दोन बांबू उभे केले आहेत: दक्षिणेकडचा अ, उत्तरेकडचा ब, मध्ये २४ मीटर अंतर. दोन्हींवर १०-१० सेंटीमीटरचे लाल-पांढरे पट्टे रंगवलेले, समोर मोबाइल लावून चित्रण. ८ सेकंद आवर्तकाळाची लाट येते. तिचा माथा आधी अ वर चढतो आणि १.१५ सेकंदांनी ब वर. २४ भागिले १.१५, म्हणजे सेकंदाला २०.९ मीटर, ताशी ७५ किलोमीटर.

प्रकरण शिकवण्यासाठी बेतलेलं आहे आणि आकडे वाचकाला वहीवर पडताळता यावेत असे घेतले आहेत. चुका मात्र नेहमी होणाऱ्याच आहेत, आणि इथे त्या नेहमीच्याच क्रमाने येतात.

आधी हा आकडा का पटत नाही ते बघू. भरतीला बांधाशी पाणी ३.२ मीटर. उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग, गुरुत्वत्वरण गुणिले खोली याचं वर्गमूळ, म्हणजे ९.७९ × ३.२ चं वर्गमूळ, ५.६ मीटर प्रति सेकंद. आपला आकडा याच्या जवळजवळ चौपट. खोली मोजण्यात चूक झाली म्हणावं, तर तीही पळवाट बंद आहे. ८ सेकंदांच्या लाटेचा अथांग पाण्यातला वेग गुरुत्वत्वरण × आवर्तकाळ ÷ २पाय इतका असतो, म्हणजे १२.५ मीटर प्रति सेकंद. त्यापुढे ती लाट कुठल्याच समुद्रात जाऊ शकत नाही. म्हणजे २०.९ हा लाटेचा वेग नाही. पण मोजमापही चुकलेलं नाही. चित्रण पुन्हा पाहिलं तरी १.१५ सेकंदच येतात.

गटाचं पहिलं स्पष्टीकरण अकरावीतल्या सदिशांवर उभं राहतं. लाट बांधाला तिरपी येते, आपण मोजला तो तिच्या वेगाचा बांधालगतचा घटक, आणि घटक म्हणजे मूळ वेग गुणिले कोनाची साइन. ऐकायला बरोबर. पण मग मूळ वेग २०.९ पेक्षाही मोठा निघतो, कारण घटक कधी मूळ सदिशाहून मोठा नसतो. रोग बरा करायला दिलेलं औषध रोग वाढवतं. इथेच थांबून समतल तरंगाचं सूत्र नीट लिहायला हवं.

बांधापासून समुद्राकडे मोजलेलं अंतर क्ष, बांधालगत उत्तरेकडे मोजलेलं अंतर य, वेळ टी. पाण्याची उंची अशी लिहू:

उंची = आयाम × कॉस (के-क्ष × क्ष + के-य × य − ओमेगा × टी)

कॉसच्या कंसातला सगळा ऐवज म्हणजे कला. एका क्षणी कला ज्या-ज्या बिंदूंवर सारखी असते ते सगळे बिंदू एका सरळ रेषेवर येतात, त्रिमितीत एका सपाट पृष्ठावर. समतल तरंग हे नाव त्यावरूनच पडलं. के-क्ष आणि के-य मिळून तरंग सदिश होतो. त्याची दिशा माथ्यांच्या रेषेला लंब, आणि लांबी, जिला नुसतं के म्हणू, २पाय भागिले तरंगलांबी. ओमेगा म्हणजे २पाय भागिले आवर्तकाळ, इथे ६.२८३ ÷ ८ = ०.७८५४ रेडियन प्रति सेकंद.

या सूत्रात वेग कुठेही नाही, हे लक्षात घ्या. आहेत ते दोन दर: मीटरमागे कला किती बदलते आणि सेकंदामागे किती बदलते. वेग हा आपण नंतर केलेला भागाकार. बांधालगत चालत गेलं तर मीटरमागे कला के-य इतकी बदलते, म्हणून बांधालगत माथा ओमेगा ÷ के-य या वेगाने सरकताना दिसतो. के-य हा तरंग सदिशाचा खराखुरा घटक आहे, के × साइन थीटा. थीटा म्हणजे लाटेची दिशा आणि बांधाची लंबरेषा यांमधला कोन. तेव्हा बांधालगतचा वेग = ओमेगा ÷ (के × साइन थीटा) = मूळ वेग ÷ साइन थीटा. साइन गुणाकारात नाही, भागाकारात आहे. लाट अगदी समोरून आली तर थीटा शून्य, माथा सगळ्या बांधाला एकाच क्षणी धडकतो आणि बांधालगतचा वेग अनंत होतो. पाण्याचा एक थेंबही त्या वेगाने जात नसतो.

घटक पडतात ते तरंग सदिशाचे. कलावेगाचे, म्हणजे माथा ज्या वेगाने सरकताना दिसतो त्याचे, नाही. दोन दिशांना मोजलेले कलावेग एकत्र करायचेच असतील तर त्यांच्या व्यस्तांचे वर्ग मिळवावे लागतात. पुढे येणारे आकडे घेऊन करून बघा: समुद्राच्या दिशेचा ५.६० (पुढच्या के-क्ष वरून, ०.७८५४ ÷ ०.१४०२) आणि बांधालगतचा २०.९ यांच्या व्यस्तांचे वर्ग ०.०३१९ आणि ०.००२३, बेरीज ०.०३४२, तिचं वर्गमूळ घेऊन उलटं केलं की ५.४१. वर्गांची सरळ बेरीज केली असती तर २१.६ आले असते.

आता हिशेब सुलट करू. के-य = ०.७८५४ × १.१५ ÷ २४ = ०.०३७६ रेडियन प्रति मीटर. हे मोजलेलं. पूर्ण के मोजलेला नाही, पण पाण्याच्या लाटांचा अपस्करण संबंध, म्हणजे ओमेगा आणि के यांना जोडणारं सूत्र, तो देतो: ओमेगाचा वर्ग = गुरुत्वत्वरण × के × हायपरबोलिक टॅन, थोडक्यात टॅनएच (के × खोली). आपले आकडे घातले की के × टॅनएच(३.२ × के) = ०.०६३० हे समीकरण सोडवायचं. उथळ पाण्याच्या सूत्राने पहिला अंदाज ०.१४०३. तो टॅनएचमध्ये घालून ०.०६३० ला भागलं की ०.१४९७ येतं. तेच पुन्हा घातलं की ०.१४१४, आणि आकडा घड्याळाच्या लंबकासारखा इकडून तिकडे झुलत राहतो. दर वेळी मागच्या-पुढच्या दोघांची सरासरी घेतली की तो झटकन ठरतो: ०.१४५० घातलं की ०.१४५४, सरासरी ०.१४५२, झालं. तरंगलांबी ४३.३ मीटर, वेग ५.४१ मीटर प्रति सेकंद. साइन थीटा = ०.०३७६ ÷ ०.१४५२ = ०.२५९. लाट लंबरेषेच्या दक्षिणेकडून १५ अंशांवरून येते. वेळेच्या मोजमापात दशांश सेकंदाची चूक धरली तर कोनात सुमारे १.३ अंशांचा फरक पडतो.

यावर मार्गदर्शकाने विचारायला हवा असा प्रश्न: के तुम्ही सूत्रातून घेतला, मग प्रयोगाने काय सिद्ध झालं? दोन बांबू एकाच रेषेत असले की त्या रेषेला लंब असणारा घटक त्यांना कळूच शकत नाही. म्हणून गट समुद्रात तिसरा बांबू रोवतो, क. अ च्या बरोबर समोर, बांधापासून ८ मीटरवर. आणि इथे प्रकरण खरं रंगतं.

अपेक्षा अशी. के-क्ष = ०.१४५२ आणि ०.०३७६ यांच्या वर्गांच्या फरकाचं वर्गमूळ = ०.१४०२. आठ मीटरला कला १.१२ रेडियनने बदलावी, म्हणजे माथा क वर अ च्या १.४३ सेकंद आधी दिसावा. प्रत्यक्षात तो ०.१४ सेकंद आधी दिसतो. एक दशांश! त्यावरून के-क्ष काढला तर ०.०१३७ येतो, दोन्ही घटक मिळून के ०.०४००, वेग १९.६ मीटर प्रति सेकंद, आणि लाट बांधाच्या लंबापासून ७० अंश कललेली, म्हणजे जवळपास बांधाला समांतर पळणारी. तिसरा बांबू लावून आधीचं चुकीचं उत्तरच शाबित झाल्यासारखं वाटतं. पुष्कळ अहवाल याच जागी लाटेला बांधालगत पळवून मोकळे होतात.

गफलत सूत्र वापरण्यात नाही, सूत्र निवडण्यात आहे. वर लिहिला तो एक समतल तरंग. उभ्या बांधासमोर एक कधीच नसतो. येणारी लाट असते आणि परत फिरलेलीही असते. दोघींचा ओमेगा तोच, के-य तोच, फक्त के-क्षचं चिन्ह उलटं. परावर्तन पूर्ण आहे असं धरून दोन्ही कॉस मिळवले की मिळतं:

उंची = २ × आयाम × कॉस (के-क्ष × क्ष) × कॉस (के-य × य − ओमेगा × टी)

क्ष आणि टी वेगळ्या कंसांत गेले. समुद्राच्या दिशेने आता कला सरकतच नाही; फक्त आयाम कमी-जास्त होतो. त्या दिशेला स्थिर तरंग, आणि बांधालगत मात्र चालता तरंग. म्हणून क आणि अ जवळजवळ एकत्रच वर-खाली होतात, आणि तीन बांबूंच्या कलांमधून एकच समतल तरंग काढू पाहणारा हिशेब काहीतरी भलतंच सांगतो. बांधावर उभं राहून डोळ्यांनी पाहिलं तरी हे दिसतं. माथे येऊन आदळण्याऐवजी भिंतीलगतचं पाणी आख्खंच्या आख्खं फुगतं आणि बसतं, आणि त्या फुगवट्याचा वळसा दक्षिणेकडून उत्तरेकडे सर्रकन निघून जातो.

कलेने जे लपवलं ते आयाम सांगतो. बांधाशी, अ वर, तळापासून माथ्यापर्यंत लाट ६० सेंटीमीटर. क वर २७. गुणोत्तर ०.४५. सूत्राप्रमाणे हे कॉस(१.१२) इतकं, म्हणजे ०.४३ ते ०.४४ असायला हवं. जुळलं. के-क्ष आता सूत्राच्या भरवशावर राहिला नाही, मोजून पडताळला गेला.

आणि तो ०.१४ सेकंदांचा फरक? तोही वाया जात नाही. परावर्तन शंभर टक्के असतं तर तो शून्य आला असता. परत फिरलेल्या लाटेचा आयाम येणाऱ्या लाटेच्या आर पट धरला तर क वरच्या कलांतराचा टॅन = (१ − आर) ÷ (१ + आर) × टॅन(के-क्ष × क्ष). ०.१४ सेकंद म्हणजे ०.११० रेडियन, टॅन ०.११०४. टॅन(१.१२२) = २.०८. त्यावरून आर = ०.९०. दगडी बांध लाटेचा नव्वद टक्के आयाम परत पाठवतो, ऊर्जा म्हणाल तर ८१ टक्के. येणाऱ्या लाटेची उंची मग ६० ÷ १.९ = ३२ सेंटीमीटर. एका ओळीचा समतल तरंग वापरून जो आकडा खोटा ठरला होता, तोच दोन तरंग घेतल्यावर भिंतीचा गुणधर्म सांगतो. मरीन ड्राइव्हसारख्या टेट्रापॉडच्या किनाऱ्यावर हा आर खूपच खाली येईल. फटींत शिरून पाणी फुटावं यासाठीच ते टाकलेले असतात.

क बांबू ८ मीटरवरच का? के-क्ष वरून त्या दिशेची पाव तरंगलांबी ११.२ मीटर येते. तिथे निस्पंद असतो, पाणी जवळपास हलतच नाही. तिथे बांबू रोवला तर आर थेट मिळतो हे खरं, पण ३ सेंटीमीटरची लाट १० सेंटीमीटरच्या पट्ट्यांवर वाचणार कशी? शिवाय समुद्रात कधी एकाच आवर्तकाळाची लाट नसते. ७ आणि ९ सेकंदांच्या लाटांचे निस्पंद पुढे-मागे पडतात आणि एकमेकांची खळगी भरतात. आणि अगदी बांधाजवळ, २ मीटरवर, आयामात तीन-चार टक्क्यांचाच फरक. सात ते नऊ मीटर हा मधला पट्टा कामाचा.

हाच गणिताचा सांगाडा कॉलेजच्या मायक्रोवेव्ह बाकावर रोज वापरला जातो, फक्त तिथे कोणी दचकत नाही. २२.८६ मिलिमीटर रुंद तरंगनळीत १० गिगाहर्ट्झचा तरंग दोन भिंतींवर आपटत पुढे जातो. मोकळ्या हवेत ३० मिलिमीटर असणारी तरंगलांबी नळीत ३९.७ मिलिमीटर मोजली जाते आणि कलावेग प्रकाशाच्या १.३२ पट निघतो. विद्यार्थी तो आकडा वहीत उतरवून तोंडी परीक्षेला जातात. बांधावर तोच प्रकार पाण्याने केला की मोजमापावर संशय.

वेगाचे घटक पाडायची हौस असेल तर ती गटवेगावर, म्हणजे लाटांचा अख्खा थवा ज्या वेगाने पुढे जातो त्यावर, भागवावी. ऊर्जा गटवेगाने जाते आणि गटवेग हा रीतसर सदिश आहे. आपल्या लाटेला तो ५.०६ मीटर प्रति सेकंद, त्याचा बांधालगतचा घटक ५.०६ × ०.२५९ = १.३१. माथा २०.९ ने पळतो, ऊर्जा १.३१ ने सरकते. दोघांचा गुणाकार कलावेग आणि गटवेग यांच्या मूळ गुणाकाराइतकाच येतो, २७.४, हिशेब चुकला की नाही ते बघायला हा गुणाकार बरा. खुद्द पाणी तर आणखी गरीब. बांधाशी कोणीतरी निर्माल्याबरोबर सोडलेला नारळ तरंगत असतोच. लाटेबरोबर तो ३० सेंटीमीटर वर, ३० खाली होतो आणि बांधालगत १८ सेंटीमीटर इकडे, १८ तिकडे डोलतो. गुरुत्वत्वरण × के-य × आयाम ÷ ओमेगाचा वर्ग, इतकंच त्याचं डोलणं. भरतीचा प्रवाह आणि वारा त्याला हळूहळू नेतात ते वेगळं.

आता मोजमापातल्या खाचाखोचा. प्रकल्प बुडतात ते बहुतेक इथेच.

खोली. नौकानयनाच्या नकाशातली खोली नकाशाच्या शून्य पातळीपासून मोजलेली असते आणि भरतीची उंचीही त्याच पातळीपासून. बांधाशी तळ या पातळीच्या १ मीटर वर असेल, म्हणजे ओहोटीला उघडा पडत असेल, तर ४.२ मीटरच्या भरतीला पाणी ३.२ मीटर. वजाबाकीऐवजी बेरीज झाली की ५.२. मग के ०.११६५ येतो आणि कोन १५ ऐवजी १८.८ अंश. उत्तर विचित्र दिसत नाही, म्हणून ही चूक शेवटपर्यंत सापडत नाही. शिवाय मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो, आणि मधल्या दोन तासांत पाणी तासाला सुमारे मीटरभर चढतं. त्या वेळी २० मिनिटांचं चित्रण केलं तर खोली ३० सेंटीमीटरने, म्हणजे जवळजवळ दहा टक्क्यांनी बदलते. पूर्ण भरतीच्या मागे-पुढे दहा-दहा मिनिटं घ्यावीत. तेव्हा पाणी थबकलेलं असतं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत फरक आणखी कमी, पण मग बांधाशी पाणीही कमी. पावसाळ्यात महापालिका ४.५ मीटरवरच्या भरतीचे दिवस जाहीर करते, ते दिवस या प्रयोगासाठी वर्ज्य. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, परवानगी घेऊन, आणि क बांबू ओहोटीला रोवून.

क बांबूचा पाया: तेलाच्या १५ लिटरच्या पत्र्याच्या डब्यात बांबू उभा धरून काँक्रीट ओतायचं. एवढ्याने भागत नाही, कारण बांबू स्वतः तरंगायला बघतो आणि लाट त्याला ढकलते. तीन बाजूंनी दोर ताणून दगडांना बांधावे लागतात. बांबू १० अंश कलला तर उंचीत दीड टक्का फरक, त्याची फिकीर नाही; पण तो लाटेबरोबर डुलत असेल तर डुलण्याची कला वाचनात मिसळते आणि ०.१४ सेकंदांचा आधीच नाजूक फरक गढूळ होतो.

ओली रेघ. माथा उतरल्यावर बांबूवर काही क्षण ओला, गडद पट्टा राहतो. चित्रणावरून पाण्याची कड शोधणारा प्रोग्राम त्यालाच पाणी समजतो. चढण बरोबर वाचली जाते, उतरण उशिरा. अ आणि ब वर चूक सारखीच, म्हणून फरक काढताना निघून जाते. क वर लाट लहान असल्यामुळे चूक वेगळी, ती उरते. बांबूला मेणाचा हात दिला की पाणी टिकत नाही. स्वस्त उपाय, पण आधी सुचायला हवा.

दोन मोबाइल. एकाचं चित्रण सेकंदाला ३० चौकटींचं, दुसऱ्याचं २९.९७ चं असू शकतं. फरक हजारात एक, पण २० मिनिटांत १.२ सेकंद साचतात, म्हणजे आपण जो १.१५ सेकंद मोजायला निघालो त्याहून जास्त. सुरुवातीला एकदा टॉर्च मारून जुळवून घेणं पुरत नाही. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मारावा. टाळी वाजवली तर २४ मीटरला आवाजच ०.०७ सेकंद घेतो. जमलं तर एकाच मोबाइलच्या चौकटीत सगळे बांबू घ्यावेत, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

कला काढताना माथ्यांची वेळ एकेक करून वाचण्यापेक्षा फूरियेने, म्हणजे चित्रणातली उंची वेगवेगळ्या वारंवारतांत फोडणाऱ्या गणिताने, काढणं चांगलं, पण तुकडे विचार करून पाडावेत. १२० सेकंदांच्या तुकड्यात ८ सेकंदांच्या १५ लाटा पुऱ्या बसतात. १०० सेकंदांत साडेबारा बसतात आणि अर्ध्या लाटेची ऊर्जा शेजारच्या वारंवारतांत सांडते. २० मिनिटांत दहा तुकडे मिळतात. प्रत्येकातला अ आणि ब चा संमिश्र गुणाकार काढून, आधी त्या गुणाकारांची सरासरी घ्यायची आणि मग कोन वाचायचा. उलट केलं, म्हणजे आधी कोन वाचून त्यांची सरासरी घेतली, तर १७९ आणि उणे १७९ अंशांची सरासरी शून्य येते. खरं उत्तर १८०.

चिन्हाची भानगड तर ठरलेली. आपण सूत्रात के-य × य − ओमेगा × टी लिहिलं, म्हणजे वेळेपुढे उणे. फूरियेचे तयार प्रोग्राम धन वारंवारतेचा अर्थ वेळेपुढे अधिक असा घेतात. दोन्ही संकेत बरोबर, पण एकत्र आले की के उलटा होतो, आणि लाट उत्तरेकडून दक्षिणेकडे, बांधातून समुद्रात जायला लागते. यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. चित्रण लावायचं, माथा आधी अ वर चढतो का ब वर ते डोळ्यांनी बघायचं, आणि त्याप्रमाणे चिन्ह पक्कं करायचं.

एक चूक मात्र डोळ्यांनीही सापडत नाही. दुपारी समुद्रवारा सुटला की वायव्येकडून ४ सेकंदांच्या आखूड लाटा येतात. ३.२ मीटर पाण्यात त्यांचा के ०.३२४३, तरंगलांबी १९.४ मीटर. आपल्या बांबूंमधलं अंतर २४ मीटर, लाटेपेक्षा जास्त. लंबाच्या उत्तरेला ४० अंशांवरून आलेल्या लाटेचं अ-ब कलांतर उणे ५.०० रेडियन. पण कला २पायने फिरून येते, त्यामुळे प्रोग्राम सांगतो अधिक १.२८. त्यावरून कोन निघतो दक्षिणेकडून ९ अंश. वायव्येची लाट नैऋत्येच्या अंगाची ठरली, आणि तीही अगदी रास्त दिसणाऱ्या कोनाने. उपाय एकच, बांधालगत अ पासून ६ मीटरवर आणखी एक बांबू. ६ मीटर हे अर्ध्या तरंगलांबीच्या आत आहे, म्हणून तिथे कला फिरून येण्याची भीती नाही. जवळचा बांबू दिशा ठरवतो, लांबचा अचूकता देतो. तिन्ही बांबूंची कला य च्या आलेखावर सरळ रेषेत पडते का, तेही बघता येतं. रेषा वाकली तर तरंगाग्र सरळ नाही, जवळच्या टोकावरून किंवा बांधाच्या कोपऱ्यावरून लाट वळून येते आहे, आणि समतल तरंगाचं सूत्र त्या जागी मुळातच लागू नाही.

राहता राहिला तो २०.९. गटाने तो अहवालातून काढून ५.४१ ठेवायचं ठरवलं तर ती शेवटची चूक ठरेल. ५.४१ हा त्या क्षणीच्या भरतीचा आकडा आहे. पाणी फूटभर चढलं की बदलतो. के-य बदलत नाही. तळ बांधाला समांतर रेषांत उतरत गेला असेल तर बांधालगत एक मीटर सरकल्यावर कला किती बदलते हे खोल समुद्रात आणि बांधाशी सारखंच राहतं, कारण माथे मध्येच तुटत नाहीत. प्रकाशाच्या अपवर्तनाचा नियम तो हाच. खोल पाण्यात ८ सेकंदांच्या लाटेचा के ०.०६३०, म्हणून तिथे साइन थीटा = ०.०३७६ ÷ ०.०६३० = ०.५९७, कोन ३६.६ अंश. पश्चिमेपासून दक्षिणेकडे तेवढं वळलं की उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजून २३३ अंश येतात. नैऋत्य. अरबी समुद्रात दुरून येणाऱ्या लांब लाटांची दिशा साधारण हीच. मुंबईचा तळ मात्र खडकांनी आणि खाड्यांनी फाटलेला आहे, समांतर रेषांचं गृहीतक बांधापासून काहीशे मीटरच धरवतं. तेव्हा अहवालात २३३ पुढे 'अंदाजे' लिहावं, आणि २०.९ च्या मथळ्यातला 'लाटेचा वेग' खोडून 'बांधालगतचा कलावेग' करावा.